तबकडी आणि जलसा

गतकालाविषयी वाटणारी हुरहूर ही मनुष्यस्वभावाची फार जुनी खूण आहे. 'आमच्या वेळी असे नव्हते' हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे घर शोधूनही सापडावयाचे नाही. पाश्चात्त्यांनी या हुरहुरीला एक भारदस्त नाव दिले आहे. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या एका तरुण वैद्यकाने आपल्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द योजला. ग्रीक भाषेतील 'घरी परतणे' आणि 'वेदना' या अर्थांच्या दोन शब्दांचा तो सांधा होय. परमुलखात चाकरी करणाऱ्या स्विस लोकांना घरच्या आठवणीने जे दुखणे जडत असे, त्याला होफरने हे नाव दिले. पुढे शब्दाचा अर्थ पालटला. दुरावलेल्या स्थळाऐवजी दुरावलेल्या काळाची ओढ त्याने व्यक्त होऊ लागली, आणि ते दुखणे आहे ही समजूतही मागे पडली.

आजच्या काळात ही ओढ जर कोठे प्रकर्षाने दिसत असेल, तर ती संगीताच्या प्रांतात. त्यातही १९७० ते १९७९ या दशकातील पाश्चात्त्य रॉक संगीताविषयी बोलताना भल्याभल्यांचे डोळे पाणावतात. ज्यांचे तारुण्य त्या दशकात गेले त्यांचे एक वेळ समजू शकते. तारुण्यात ऐकलेली गाणी मनात सर्वांत खोल रुजतात, हे मानसशास्त्रज्ञही सांगतात. परंतु आम्ही स्वतः त्या दशकानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलो, आमचे विद्यार्थी तर त्याहूनही नंतर; तरीही आमच्यातील आणि त्यांच्यातील कित्येकांना हे संगीत आपल्या काळातल्यापेक्षा अधिक सच्चे वाटते. जो काळ पाहिलाच नाही, त्याची हुरहूर का वाटावी? प्रश्न वाटतो तितका पोकळ नाही. आमच्या मते या मंडळींना जे हवेसे वाटते तो त्या काळचा जलसा होय, आणि त्यांच्या हाती जी उरली आहे ती मात्र तबकडी. या दोहोंतील अंतर ध्यानात घेतले म्हणजे त्या दशकाची थोरवी कळते, आणि त्या दशकावर कीर्तीने केलेला अन्यायही कळतो.

रॉक संगीताचा वंशवृक्ष थोडक्यात सांगितला पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांचे 'ब्लूज' हे त्याचे मूळ खोड. दुःख, कष्ट आणि त्यांतूनच उमलणारा विनोद यांचे ते गाणे. १९५० नंतरच्या दशकात त्याचाच एक चपळ, नाचरा अवतार 'रॉक अँड रोल' या नावाने जगभर गेला. ब्रिटनमधील मध्यम व कामकरी वर्गातील मुलांनी आयात केलेल्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकून ते संगीत आत्मसात केले आणि आपल्या रंगात रंगवून पुन्हा अमेरिकेला परत केले. १९७० च्या सुमारास त्याचे रूप स्थिर झाले: एक किंवा दोन विजेच्या गिटारी, मंद्र स्वरांची बेस गिटार, ड्रम, क्वचित ऑर्गन वा पियानो, आणि एक गायक. चार-पाच माणसांचा हा संसार. परंतु त्याचा आवाज मोठ्या वाद्यवृंदाला मागे टाकील असा.

हा आवाज आला कोठून, हे समजल्याखेरीज त्या काळच्या जलशांची मातब्बरी कळावयाची नाही. बीटल्स हा त्या युगाचा सर्वांत लोकप्रिय बँड. १९६५ साली न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पन्नास हजारांहून अधिक लोकांपुढे त्यांनी गायन केले. परंतु एवढ्या जमावाला पुरेल अशी ध्वनियंत्रणा तेव्हा नव्हती. खेळांच्या घोषणांकरिता बसवलेल्या कर्ण्यांचाच आश्रय त्यांना घ्यावा लागला. श्रोत्यांच्या किंकाळ्यांत गाणे बुडून गेले आणि गाणाऱ्यांना स्वतःचाही सूर ऐकू येईना. पुढच्याच वर्षी, १९६६ च्या ऑगस्टमध्ये, बीटल्सनी जाहीर दौरे कायमचे थांबवले आणि ते ध्वनिमुद्रणाच्या खोलीत रमले. म्हणजे त्या दशकातील श्रेष्ठ बँडची श्रेष्ठ कामगिरी ही तबकडीची कामगिरी ठरली.

त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत परिस्थिती झपाट्याने बदलली. गायकाचा आवाज व सगळी वाद्ये एकत्र मिसळून मोठ्या सभागृहात स्वच्छ पोहोचवणारी यंत्रणा हळूहळू तयार झाली. हे वेड किती टोकाला गेले पाहा: १९७४ साली कॅलिफोर्नियातील ग्रेटफुल डेड या बँडने रंगमंचामागे सुमारे सहाशे स्पीकरांची एक भिंतच उभी केली. प्रत्येक वाद्याला त्या भिंतीत स्वतंत्र जागा होती आणि वादकांना श्रोत्यांइतकेच स्पष्ट ऐकू येत होते. ती भिंत गावोगाव वाहून नेणे इतके खर्चाचे झाले, की त्याच वर्षाच्या अखेरीस हा प्रयोग थांबवावा लागला. तथापि मुद्दा सिद्ध झाला होता. वादकाला आता स्वतःचे व सोबत्याचे वादन ऐकू येऊ लागले होते. ज्याला सोबत्याचे ऐकू येते, त्यालाच सोबत्याला उत्तर देता येते. आणि उत्तर-प्रत्युत्तर सुरू झाले म्हणजे गाणे पाठांतराच्या बाहेर पडते.

आपल्याकडील रसिकाला हे अधिक सांगावयास नको. ख्यालगायक बंदिश मांडतो आणि मग तिचा विस्तार करतो. बंदिश दोन ओळींची, मैफल मात्र दोन तासांची. सत्तरीतील उत्तम रॉक बँड थोड्याफार फरकाने हेच करीत होते. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याशी नाते सांगणाऱ्या ऑलमन ब्रदर्स बँडचे उदाहरण घेऊ. या बँडमध्ये दोन गिटारवादक होते आणि ड्रम वाजवणारेही दोन. त्यांचे 'व्हिपिंग पोस्ट' हे गाणे १९६९ च्या त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत सुमारे पाच मिनिटांत आटोपते. तेच गाणे १९७१ च्या मार्च महिन्यात न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहात त्यांनी वाजवले, तेव्हा ते तेवीस मिनिटे चालले आणि दीर्घ तबकडीची एक अख्खी बाजू त्याने व्यापली. गाणे तेच, पण एक गिटार प्रश्न विचारते आहे, दुसरी तो प्रश्न फिरवून परत टाकते आहे, मध्येच सर्व वाद्ये कुजबुजीवर येतात आणि सभागृह श्वास रोखून बसते. या बँडचा ड्वेन ऑलमन हा वादक सर्दीच्या औषधाची रिकामी काचेची बाटली बोटात घालून तारांवरून घसरवीत असे आणि गिटारीतून मानवी कंठासारखी मींड काढीत असे. ती ध्वनिमुद्रिका जुलैत प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर महिन्यात मोटारसायकलच्या अपघातात ड्वेन मरण पावला. वय अवघे चोवीस. ते दोन दिवस ध्वनिमुद्रण झाले नसते, तर त्याच्या वादनाचा हा विस्तार पुढच्या पिढ्यांना केवळ ऐकीव राहिला असता.

ब्रिटनमध्ये या जलशांना एक निराळाच आश्रयदाता लाभला होता. तो म्हणजे विद्यापीठांतील विद्यार्थी संघ. संघाजवळ सभागृह असे, थोडा निधी असे आणि गाणे ऐकण्यास उत्सुक असा समुदाय तर आयताच असे. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या भोजनगृहात 'द हू' या बँडचा जो जलसा झाला, त्याची ध्वनिमुद्रिका आजही या प्रकारातील उत्कृष्ट म्हणून वाखाणली जाते. त्या इमारतीवर आता स्मरणफलकही आहे. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात धरावी. तो जलसा दोन तासांचा होता, आणि १९७० साली प्रसिद्ध झालेल्या तबकडीत त्यातील केवळ सहा गाणी मावली. बाकीचे पुढे पंचवीस वर्षांनी व त्यानंतर, सुधारित आवृत्त्यांतून टप्प्याटप्प्याने श्रोत्यांपर्यंत आले. तबकडीच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांहून अधिक संगीत नीटसे मावत नसे. जे मावले त्याचा इतिहास झाला. जे मावले नाही ते त्या रात्री जे हजर होते त्यांच्याबरोबर घरी गेले.

आता आमच्या विषयाच्या गाभ्याकडे वळू. ज्यांचे नाव आज सर्वतोमुखी आहे, तेच त्या काळचे सर्वोत्तम बँड होते काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. कीर्तीचे माप त्या काळी दोन गोष्टींनी ठरत असे: एक, तीन-साडेतीन मिनिटांचे नभोवाणीवर वाजू शकेल असे गाणे, आणि दुसरी, तबकड्यांची विक्री. ज्या बँडची प्रतिभा या साच्यात बसली त्यांना चिरंजीव कीर्ती लाभली. ज्यांची प्रतिभा जलशातच फुलत असे, ते मागे पडले. अशा चौघांची ओळख आम्ही येथे करून देतो.

पहिला मान आयर्लंडच्या रोरी गॅलहर याचा. जन्म १९४८ चा. बालपण कॉर्क शहरात गेले. १९६३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने शंभर पौंडांची एक जुनी गिटार हप्त्यांवर विकत घेतली आणि तीच जन्मभर वाजवली. घामाने आणि वापराने तिचा रंग उडून आतले लाकूड उघडे पडले. परंतु त्याने ती बदलली नाही. खपाऊ गाण्यांच्या छोट्या तबकड्या काढण्यास त्याचा विरोध असे. झगमगीत पोशाख नाही. कामकऱ्याचा चौकडीचा सदरा घालून तो रंगमंचावर येई आणि दोन-अडीच तास वाजवी. १९७५ च्या प्रारंभी रोलिंग स्टोन्स या जगप्रसिद्ध बँडला नव्या गिटारवादकाची गरज पडली, तेव्हा रोरीला हॉलंडमध्ये बोलावणे आले. तो गेला, काही रात्री त्यांच्यासमवेत वाजवले, आणि स्वतःचा जपानचा दौरा आधीच ठरलेला होता म्हणून निघून गेला.

रोरीचे मोठेपण केवळ बोटांच्या चपळाईत नाही. त्या काळी उत्तर आयर्लंडमध्ये प्रॉटेस्टंट व कॅथलिक या समाजांत रक्तपात चालू होता. बॉम्बस्फोटांच्या भीतीने बाहेरचे कलावंत बेलफास्टला जाण्याचे टाळीत. रोरी मात्र जात राहिला. १९७४ च्या जानेवारीत त्याने बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क येथे जलसे केले. त्यांचे ध्वनिमुद्रण 'आयरिश टूर' या नावाने त्याच वर्षी निघाले आणि टोनी पामर या दिग्दर्शकाने त्या दौऱ्यावर चित्रपटही केला. हे धाडस पोकळ नव्हते. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९७५ रोजी, मायामी शोबँड हा लोकप्रिय आयरिश बँड उत्तरेतील कार्यक्रम आटोपून डब्लिनला परतत असता त्याची गाडी रस्त्यात अडवण्यात आली आणि तिघा कलावंतांना ठार मारण्यात आले. जेथे शेजारी शेजाऱ्याच्या वाऱ्याला उभा राहत नव्हता, तेथे दोन्ही समाजांतील तरुण रोरीच्या जलशात एका छताखाली खांद्याला खांदा लावून उभे राहत. संगीताने दंगे मिटतात असे आम्ही म्हणत नाही. ते मिटलेही नाहीत. पण त्या दोन तासांपुरते तरी ते तरुण एकमेकांचे सहश्रोते होते, एवढे नक्की. रोरी १९९५ साली वारला. २०२४ साली त्याच्या त्या झिजक्या गिटारीचा लंडनमध्ये लिलाव झाला, तेव्हा ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी विकत घेण्यात आली.

दुसरा बँड लॉस एंजेलिसचा 'लिटल फीट'. १९६९ साली स्थापन झालेल्या या बँडचा धुरीण लॉवेल जॉर्ज. ड्वेनने औषधाची बाटली वापरली, तर याने मोटारीचा स्पार्क प्लग काढण्याचा पोकळ पाना बोटात घालून गिटार वाजवली. असे पदार्थ कलेच्या कामी कसे येतात हे पाहून गंमत वाटते. न्यू ऑर्लिन्स शहरातील मिरवणुकांचा झुलता ठेका, ब्लूज आणि ग्रामीण अमेरिकन गीत यांचे त्यांनी असे मिश्रण केले, की ते कोणत्या कप्प्यात घालावे हे दुकानदारांना कळेना. समव्यवसायी वादक त्यांना गुरुस्थानी मानीत, परंतु तबकड्या मात्र बेताच्याच खपत. शेवटी १९७७ साली लंडन व वॉशिंग्टन येथील जलशांचे ध्वनिमुद्रण करून १९७८ मध्ये जी जोड-तबकडी काढली, तीच त्यांची सर्वांत खपलेली कृती ठरली. जलशातला बँड जलशातूनच लोकांना कळला. पण फार उशिरा. १९७९ च्या जूनमध्ये लॉवेल जॉर्ज चौतिसाव्या वर्षी मरण पावला.

तिसरा बँड आम्हा शिक्षकांना विशेष जवळचा वाटावा असा आहे. टेम्स नदीच्या मुखाशी कॅन्व्ही नावाचे एक सखल बेट आहे. तेलाच्या टाक्या आणि चिखलाची खाजणे हे तेथील दृश्य. १९७१ साली तेथे 'डॉक्टर फीलगुड' हा बँड उभा राहिला. त्याचा गिटारवादक विल्को जॉन्सन हा न्यूकॅसल विद्यापीठाचा इंग्रजी वाङ्मयाचा पदवीधर. आइसलंडच्या प्राचीन गद्यकथांचा त्याचा अभ्यास होता. पदवीनंतर तो खुष्कीच्या मार्गाने थेट भारतात येऊन गेला, आणि परतल्यावर त्याने काही काळ शाळेत इंग्रजी शिकवले. हा शिक्षक रंगमंचावर मात्र डोळे वटारून, यंत्रासारखा मागेपुढे धावत वाजवी. नखी न वापरता केवळ बोटांनी तो एकाच वेळी ठेकाही धरी आणि सूरही काढी, त्यामुळे दुसऱ्या गिटारीची उणीव भासत नसे. इतर बँड वीस-वीस मिनिटांची एकलवादने करीत असता यांची गाणी आखूड, कोरडी आणि धारदार असत. १९७६ साली त्यांच्या जलशांची 'स्टुपिडिटी' ही ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. पुढच्या पंक संगीताची वाट या बँडने मोकळी केली. तथापि पंकचा उदय होताच वाट करून देणाऱ्यांचा विसर पडला. १९७७ साली विल्कोनेही तो बँड सोडला. पुढे २०१३ साली त्याला असाध्य कर्करोग झाल्याचे जाहीर झाले. त्याने उपचार नाकारून निरोपाचे जलसे केले. नंतर शस्त्रक्रियेने तो बरा झाला आणि २०२२ पर्यंत जगला.

चौथा बँड 'फॅनी'. जून आणि जीन मिलिंग्टन या फिलिपिन्समध्ये जन्मलेल्या दोन बहिणी १९६१ साली कुटुंबासह कॅलिफोर्नियात आल्या. नव्या देशात, नव्या शाळेत, परकेपणावर त्यांनी गिटारीचा उतारा शोधला. पुढे अॅलिस डी बर ही ड्रमवर आणि निकी बार्कले ही पियानोवर आली. १९७० साली त्यांची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका निघाली. केवळ स्त्रियांच्या, आणि आपली वाद्ये आपणच वाजवणाऱ्या, रॉक बँडची मोठ्या कंपनीने काढलेली ती पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका मानली जाते. १९७१ साली जर्मन दूरचित्रवाणीवर त्यांनी केलेले वादन आजही पाहावयास मिळते. ते पाहिल्यावर या मुलींना मागे का ठेवले गेले, हे कोडे उलगडत नाही. किंबहुना फारच सहज उलगडते. मुली गातात हे लोकांना मान्य होते. मुली गिटार आणि ड्रम इतक्या जोरकसपणे वाजवतात हे कौतुकाने पाहण्याजोगे नवल होते, आणि नवल ओसरले की लोक पाठ फिरवतात. १९७० ते १९७४ या काळात त्यांच्या पाच ध्वनिमुद्रिका निघाल्या. पाचही ध्वनिमुद्रणगृहात केलेल्या. ज्या जलशांसाठी त्या नावाजल्या होत्या, त्यांची एकही तबकडी त्या दशकात निघाली नाही. १९९९ साली डेव्हिड बोवी या विख्यात गायकाने त्यांची मुक्तकंठाने स्तुती करून, या बँडचा विसर पडावा हा अन्याय असल्याचे सांगितले, तेव्हा कोठे पुन्हा त्यांच्याकडे लक्ष गेले. जून मिलिंग्टनने मात्र कोणाची वाट पाहिली नाही. स्त्रियांना व मुलींना संगीत शिकवण्यासाठी तिने पुढे एक संस्था उभारली.

येथे चोखंदळ वाचक एक शंका काढील. जलशाची ध्वनिमुद्रिका तरी पूर्ण प्रामाणिक असते काय? शंका रास्त आहे. डब्लिनच्या 'थिन लिझी' या बँडची १९७८ सालची 'लाइव्ह अँड डेंजरस' ही ध्वनिमुद्रिका या प्रकारातील अव्वल मानली जाते. तिचा निर्माता टोनी व्हिस्काँटी याने पुढे सांगितले, की तिचा मोठा भाग ध्वनिमुद्रणगृहात पुन्हा वाजवून भरलेला आहे. बँडशी संबंधित मंडळींनी ते साफ नाकारले. वाद मिटलेला नाही. आमच्या दृष्टीने त्यातील बोध एवढाच, की जलशाची तबकडी म्हणजेही जलसा नव्हे. अनेक रात्रींतून निवडलेली, कापलेली, कधी डागडुजी केलेली अशी ती एक प्रतिमा होय. मूर्तीवरून देव ओळखावा, पण मूर्ती घडवणारे हात होते हे विसरू नये.

आणि त्या दशकाचा सुवर्णरंगही थोडा खरवडून पाहावा. त्या काळी कंटाळवाणे वादनही विपुल झाले. अर्धा-अर्धा तास चाललेली ड्रमची एकलवादने ऐकून श्रोते उठून जात. ते सारे काळाने गाळून टाकले आणि आपल्या हाती निवडक तेवढे आले, म्हणून तो काळ सर्वच चांगला भासतो. शिवाय आम्ही वर ज्यांची नावे घेतली, त्यांपैकी किती जण अकाली गेले तेही पाहावे. दौऱ्यांचे अखंड चक्र, जागरणे, मद्य आणि मादक द्रव्ये यांनी त्या पिढीचा मोठा कर घेतला. थिन लिझीचा फिलिप लिनॉट छत्तिसाव्या वर्षी गेला, रोरी सत्तेचाळिसाव्या. हुरहूर वाटणाऱ्याने हा हिशेब वगळता कामा नये.

आमच्या गोव्याचा या कथेशी एक लहानसा पण खरा धागा आहे. पाश्चात्त्य संगीत आम्हांस परके नव्हते. गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुले स्वरलिपी वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकत. त्यांतील कित्येक पुढे मुंबईस गेले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी आयुष्य वेचले. ज्या तबकड्या घरोघर वाजल्या, त्यांवर या वादकांची नावे बहुधा छापलीच गेली नाहीत. दुसरीकडे, सत्तरीच्या दशकात हणजुणे येथील किनाऱ्यावर परदेशी तरुणांचे जे मेळावे भरत, त्यांत प्रारंभी वाद्ये प्रत्यक्ष वाजवली जात. ऐंशीच्या दशकात तेथे ध्वनिफितींवरील यांत्रिक संगीत आले आणि वादकांची जागा फीत लावणाऱ्याने घेतली. जलशाकडून तबकडीकडे, माणसाकडून यंत्राकडे हा जो प्रवास जगभर झाला, तो आमच्या दाराशीही झाला.

मग या सर्वांतून घ्यावयाचे काय? जुने तेच सोने असे आम्ही म्हणत नाही, आणि नव्याला नावे ठेवणे हेही शिक्षकाला शोभत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जे टिकले तेवढेच श्रेष्ठ होते असे मानू नये. टिकण्यास गुण लागतो, तसे साधनही लागते. आणि साधन कोणाच्या हाती होते हा प्रश्न प्रत्येक इतिहासाला विचारावा लागतो, मग तो राजांचा असो वा गिटारवाल्यांचा. रोरीजवळ गुण होता आणि ध्वनिमुद्रणाची गाडीही होती, म्हणून बेलफास्टच्या त्या रात्री आपल्याला ऐकता येतात. फॅनीजवळ गुण होता, गाडी नव्हती. ज्यांच्याजवळ गुणाखेरीज काहीच नव्हते अशांची तर नावेही आपल्यापर्यंत आली नाहीत.

विद्यार्थिमित्रांनो, वर सांगितलेली एखादी ध्वनिमुद्रिका मिळाली तर ती एका बैठकीत, मध्ये न थांबवता, निदान एक बाजू तरी ऐका. पहिले गाणे आवडले नाही तरी उठू नका. कोण कोणाला उत्तर देतो आहे, ठेका कोण सांभाळतो आहे, श्रोत्यांचा आवाज कोठे वाढतो आणि कोठे मावळतो, इकडे कान द्या. इतके केल्यावर मग आपल्या गावात कोणी प्रत्यक्ष गात वा वाजवीत असेल, मग ते देवळातील भजन असो, चर्चमधील व्हायोलिन असो, की शेजारच्या मुलांचा नवखा बँड असो, तेथे जाऊन पुढच्या ओळीत बसा. ते गाणे कोणी ध्वनिमुद्रित करीत नसेल, तर ते त्या रात्री जे हजर असतील त्यांच्याच जवळ राहणार आहे.